हेलब्लेड: हेडफोन असतील तरच खेळा

हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस हा गेम स्पीकरवर खेळायचा विचार असेल तर राहू द्या, हे मी आधीच सांगते, कारण ग्राफिक्स कितीही भारी असले तरी या गेमचा सगळा जीव आवाजात आहे. सेनुआ ही गेमची नायिका, तिच्या डोक्यात सतत कोणी ना कोणी बोलत असतं. डाव्या कानात एक बाई घाबरून सांगत असते मागे फीर, उजवीकडून दुसरी फिदीफिदी हसते, तिसरी एकदम मानेच्या मागून कुजबुजते, आणि सगळ्या एकमेकींचं बोलणं तोडत असतात त्यामुळे नक्की कोणाचं ऐकायचं तेच कळत नाही. दोन कानांच्या जागी दोन माइक ठेवून हे आवाज रेकॉर्ड केलेत, म्हणून हेडफोनमध्ये ते खरंच खोलीत असल्यासारखे वाटतात. भावाने एकदा हेडफोन काढून लॅपटॉपच्या स्पीकरवर लावला तर आईने आतून विचारलं, "कोण बोलतंय गं इतकं हळू, टीव्ही चालू राहिलाय का?" म्हणजे तिलाही ऐकू येत होतं पण नुसती कुजबुज, आणि इथे तर बाई कुठल्या बाजूला उभी आहे हेच महत्त्वाचं असतं.

स्टोरी थोडक्यात सांगते, स्पॉइलर देत नाही. सेनुआ ही जुन्या स्कॉटलंडकडच्या पिक्ट लोकांतली योद्धा, उत्तरेकडून आलेल्या लोकांनी तिच्या प्रियकराला, डिलियनला मारलंय, आणि त्याचा आत्मा परत मागायला ती त्यांच्या पाताळात, हेलहाइममध्ये, निघालीय. त्याची कवटी कापडात गुंडाळून कमरेला लटकवलेली आहे. सुरुवातीला ती एका ओंडक्याच्या होडीतून नदीतून जाते, बाजूला मढी लटकतायत, धुकं, आणि एक आवाज थेट तुमच्याशी बोलतो, तुम्ही कोण, या, जवळ या. मला तिथेच काटा आला, कारण कळलं की खेळणारा माणूस पण तिच्या डोक्यातला अजून एक आवाज आहे! पुढे मधेमधे ती सरळ कॅमेऱ्यात बघते तेव्हा नजर टाळावीशी वाटते.

अंधार भरपूर गेम्समध्ये असतो, दचकवायला वापरतात. इथे एक भाग असा आहे की सेनुआला जवळजवळ काहीच दिसत नाही, स्क्रीनवर फक्त अंधुक डाग हलतात, आणि तुम्ही आवाज आणि हातातल्या कंट्रोलरचं थरथरणं यावर एकेक पाऊल टाकायचं, बाजूला काहीतरी मोठं श्वास घेतंय, जवळ गेलात की संपलात. मी तिथे अक्षरशः श्वास रोखून बसले होते, पंख्याचा आवाज पण नको म्हणून बंद केला होता, मे महिन्यात. अजून एका ठिकाणी उलटं आहे, उजेडातून बाहेर पडायचं नाही, अंधारात एक जनावर आहे आणि ते तुमची वाटच बघतंय. डेव्हलपर निंजा थिअरी, केंब्रिजची कंपनी, आणि मेन टीम जेमतेम वीसेक माणसांची. गेम ऑगस्ट २०१७ मध्ये आला आणि २०१८ ला पाच बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधले मोठे पुरस्कार, घेऊन गेला. सेनुआ झालेली मेलिना युर्गेन्स ही त्याच स्टुडिओत व्हिडिओ एडिटर होती, कॅमेरा टेस्ट करायला तात्पुरती उभी केली आणि मग तीच राहिली. अभिनयाचा बाफ्टा पण तिला मिळाला आणि मला विचाराल तर अगदी हक्काचा. तिचं रडणं बघताना गेम खेळतोय हे विसरायला होतं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. सेनुआला जे होतं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास आणि खरं यातला फरक न कळणं, त्याला सायकोसिस म्हणतात, आणि गेम बनवताना केंब्रिज विद्यापीठातले पॉल फ्लेचर हे मानसोपचारातले प्रोफेसर आणि हे स्वतः अनुभवलेले लोक यांच्याशी बोलून सगळं केलंय. तिचा बाप मात्र म्हणतो की हा शाप आहे, तुझ्यामुळे सगळ्यांवर संकट येतंय, आणि तिला कोंडून ठेवतो. हे बघताना मला स्कॉटलंड वगैरे काही आठवलं नाही हो, आमच्या नात्यातला एक दादा आठवला, कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले तर घरच्यांनी डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठला, अंगारे, धागे, बाहेरची बाधा, आणि त्यात जी वर्षं गेली ती गेलीच. महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं गुन्हा आहे, तरी घराघरात अजून आधी बाधाच काढतात. आणि पुण्यात आपण कोणी जरा वेगळं वागलं की सहज म्हणून जातो, याला येरवड्याला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, नेऊन टाका. हा गेम खेळल्यावर मला ते वाक्य नाही ऐकवत. सेनुआला ते आवाज खोटे नसतात. तिला ते ऐकू येतात, त्यातले काही तिला वाचवतात सुद्धा, फाइटमध्ये मागून कोणी आलं की तेच ओरडून सांगतात, मागे बघ!

कमी काय आहे ते पण सांगते. पझल्स म्हणजे दारावरच्या चिन्हाचा आकार आजूबाजूच्या झाडांत, सावल्यांत, तुळयांत शोधायचा, पहिल्यांदा मजा येते, पण ते इतक्या वेळा करायला लावतात की नंतर कंटाळा येतो. फाइट्स जड आणि छान वाटतात पण शत्रू तेच तेच, आणि कॅमेरा पाठीला इतका चिकटलेला की तिघं चौघं आले की गडबड होते. स्क्रीनवर लाइफ बार नाही, मॅप नाही, कसं खेळायचं ते पण नीट कोणी सांगत नाही, मला ते आवडलं, भावाला अजिबात नाही. आणि हो, मेलात की तिच्या हातावर काळी कीड वर चढते, डोक्यापर्यंत पोचली की सगळी प्रोग्रेस गेली अशी धमकी गेम सुरुवातीलाच देतो. ती किती खरी ते मी सांगणार नाही, पण त्या भीतीने प्रत्येक फाइट जिवावर येते.

आमचा लॅपटॉप जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डवाला आहे, त्यावर मीडियम सेटिंगला मस्त चालला. सेलमध्ये बरेचदा अगदी स्वस्तात मिळतो, सात आठ तासांत संपतो, शक्यतो एका वीकेंडला सलग खेळा, तुकड्या तुकड्यात मजा जाते. सबटायटल चालू ठेवा, जुन्या वळणाचं इंग्रजी आहे. ज्यांना स्वतःला असा त्रास आहे किंवा होऊन गेलाय त्यांनी मात्र आधी कोणाशी तरी बोलून मगच घ्या, सुरुवातीला गेम तशी सूचना देतो आणि ती नावापुरती नाहीये. दुसरा भाग २०२४ ला आलाय, आइसलंडमधला, पण त्याला मशीन दणकट लागतं. पहिल्याच्या मेन मेनूत एक छोटी डॉक्युमेंटरी आहे, ती गेम संपल्यावरच लावा, त्यात शेवटाचे तुकडे दाखवलेत.