एओ मल्टिप्लाय करायचा की लाइट वेगळे काढायचे? इंटिरिअर रेंडरच्या दोन पद्धती

इंटिरिअरच्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या चित्रात, सोफा जमिनीपासून वर तरंगतोय, कपाट भिंतीला टेकलेलं वाटत नाही, अशी तक्रार आली की आपल्यासमोर दोन रस्ते असतात. एक जुना आणि सगळ्यांच्या हातात बसलेला: अँबियंट ऑक्लुजनचा, म्हणजे एओचा पास (फटी आणि कोपरे काळे दाखवणारा वेगळा थर) काढायचा, फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर मल्टिप्लाय करायचा, म्हणजे त्याचा काळेपणा चित्रात उतरवायचा, आणि लागेल तसा सावलीचा पास जोडीला घ्यायचा. दुसऱ्यात आकाश, सूर्य, कोव्ह (फॉल्स सीलिंगच्या खाचेतला लपलेला लाइट), स्पॉट असा प्रत्येक गटाचा लाइट वेगळ्या पासमध्ये काढायचा आणि त्या थरांची बेरीज करून चित्र उभं करायचं. मी दोन्हींवर भरपूर काम केलं आहे. माझा कल आता दुसऱ्या पद्धतीकडे आहे, पण पहिलीची बाजू लंगडी नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

एओचा मोठा गुण म्हणजे वेग. रेंडर झालेला असतो, क्लायंट वाट बघत असतो आणि 30 ते 40 टक्के ओपॅसिटीवर एओ टाकला की खिडकीची चौकट, स्कर्टिंग, ड्रॉवरच्या फटी लगेच उठून दिसतात. पांढऱ्या क्ले मॉडेलवर, सेक्शनवर किंवा स्पर्धेच्या पॅनेलवरच्या आयसोमेट्रिकवर तर एओइतकं देखणं दुसरं काही नसतं. तिथे खरा प्रकाश दाखवायचाच नसतो, आकार वाचता आला की झालं.

एओचे बहुतेक आजार ओळखता येण्यासारखे आहेत. पास जवळजवळ पूर्ण पांढरा आला तर पहिला संशय युनिटवर घ्यावा. मिलिमीटरमधलं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं ड्रॉइंग) मीटर समजून आत आलं की इमारत हजारपट मोठी होते आणि एओची 20 सेंमीची त्रिज्या, म्हणजे तो किती अंतरापर्यंतचा अडथळा मोजतो ते, तिच्यापुढे नगण्य ठरते. उलट, मॉडेल फार लहान झालं तर त्रिज्या अख्ख्या खोलीला गिळते आणि सगळं काळंकरडं दिसतं. काळे ठिपके किंवा पट्टे दिसले तर तिथे एकावर एक बसलेले दोन फेस (पृष्ठभाग) शोधा. टाइल्सचा थर स्लॅबच्या नेमक्या पातळीवर असला की हे हमखास होतं, आणि सावलीच्या पासमध्येही तेच डाग येतात. थर 1 मिमी वर उचलला की प्रश्न संपतो.

काच आणि झाडं हा वेगळा विषय. संपूर्ण सीनला एकच ओव्हरराइड मटेरियल देऊन एओ काढला, तर काच भिंतीसारखी अपारदर्शक होते आणि तिच्या मागची खोली पासमध्ये येतच नाही. ओपॅसिटी मॅपवर (आकाराबाहेरचा भाग पारदर्शक करणाऱ्या चित्रावर) बेतलेली पानंही कापलेल्या पुठ्ठ्यांसारखी चौकोनी दिसतात. व्ही-रे या रेंडर इंजिनमध्ये एक्स्ट्राटेक्स एलिमेंटमध्ये (टेक्स्चर वेगळ्या पासमध्ये देणारा पर्याय) एओ मोजणारं डर्ट टेक्स्चर घालून एओ काढणं त्यापेक्षा बरं. त्या डर्टमध्ये ‘वर्क विथ ट्रान्सपरन्सी’ चालू करायचं, म्हणजे पानांची ओपॅसिटी धरली जाते, आणि काचेच्या रिफ्रॅक्शनखाली ‘अफेक्ट चॅनेल्स’ला ‘ऑल चॅनेल्स’ द्यायचं, म्हणजे काचेपलीकडचा एओही मिळतो. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण पास वापरण्याजोगा हाती येतो.

सावलीच्या पासबद्दल एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. व्ही-रेच्या शॅडोज एलिमेंटमध्ये सावली काळी नसते. अडवला गेलेला प्रकाश तिथे साठवलेला असतो, त्यामुळे जिथे सावली आहे तिथे उजेड दिसतो आणि जिथे नाही तिथे काळं. हा पास मल्टिप्लाय केला तर चित्र बिघडणारच. सावली हलकी करायची असेल तर तो बेरजेत घ्यावा लागतो. गडद करायची असेल तर पास आधी इन्व्हर्ट करायचा, मगच मल्टिप्लायला लावायचा.

सावली जागेवर पडते की नाही, याचा पडताळा मी छज्ज्यावरून घेतो. पुण्यात 21–22 डिसेंबरला माध्यान्हीला, म्हणजे घड्याळात साधारण साडेबाराला, सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो. 60 सेंमीच्या छज्ज्याची सावली दक्षिणेच्या भिंतीवर सुमारे 67 सेंमी उतरायला हवी. स्केचअपमध्ये जागा दिलेली नसेल तर टेम्प्लेटमधलं स्थान अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं बोल्डर असतं, अक्षांश 40. तिथे त्याच दिवशी माध्यान्हीची तीच सावली फक्त 30 सेंमी भरते. म्हणजे छज्ज्याची सावली निम्म्यावर आली की सेटिंग्ज चाळत बसण्याआधी जिओ-लोकेशन बघावं. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्या तारखेला तर सावली पायाशीच असायची. सावलीच्या कडा किती मऊ असाव्यात यालाही आधार आहे. सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावली टाकणारी कड 10 मीटर दूर असेल तर सावलीची कड साधारण 9 सेंमी पसरते. चौथ्या मजल्याच्या पॅरापेटची सावली रस्त्यावर वस्तऱ्यासारखी धारदार पडली की चित्र खोटं वाटतं, ते यामुळे. हे सगळं दोन्ही पद्धतींना सारखंच लागू आहे, म्हणून तुलनेत फरक पडत नाही.

फरक पडला तो कोव्हमुळे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हॉल म्हटला की फॉल्स सीलिंग आलं, आणि फॉल्स सीलिंग म्हटलं की कोव्हमध्ये एलईडी स्ट्रिप आली. एओला ही जागा कशी दिसते? हाताच्या पंजाएवढी अरुंद फट, वर स्लॅब, खाली जिप्समची पट्टी. एओ फक्त भूमिती बघतो. बिंदूभोवतीच्या अर्धगोलात किरण सोडायचे, दिलेल्या त्रिज्येच्या आत त्यातले किती अडले ते मोजायचं, इतकंच त्याचं काम. तिथे दिवा आहे की अंधार, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. म्हणून खोलीतली सर्वात उजळ फट त्याच्या पासमध्ये सर्वात काळी येते. मल्टिप्लाय केला की झगझगणाऱ्या कोव्हच्या मधोमध करडी रेघ उमटते, जणू स्ट्रिपवर धूळ बसली आहे. ओव्हरहेड कपाटाखालच्या प्रोफाइल लाइटने उजळलेल्या डॅडो टाइल्स, टीव्ही युनिटच्या मागचं बॅकलिट पॅनेल, देवघराच्या जाळीमागचा लाइट, सगळीकडे हाच प्रकार. ज्या लाइटिंगवर मुद्दाम खर्च केलेला असतो, तेच लाइटिंग एओ मळवतो.

यावर उपाय म्हणजे मास्क. एओच्या थराला मास्क लावायचा आणि प्रत्येक दिव्याभोवती हाताने खोडायचं. एका व्ह्यूपुरतं हे चालतं. देवघराच्या जाळीच्या प्रत्येक भोकाभोवती ब्रश फिरवताना मात्र संयमाची परीक्षा असते, आणि तेवढं करून झाल्यावर क्लायंट म्हणतो, ‘कॅमेरा जरा डावीकडे घ्या, सोफा एल-शेपचा करा.’ कॅमेरा हलला की सगळे मास्क रद्द. त्या मास्कवर गेलेल्या संध्याकाळी मला अजूनही सलतात. वेग हा एओचा मोठा गुण म्हटला, तो इंटिरिअरमध्ये दिव्यांची संख्या वाढते तसा संपत जातो. माझा निर्णय या एका त्रासावर झाला. बाकी मुद्द्यांवर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकलो असतो.

याला तांत्रिक कारणही आहे. एओ ज्या काळात रुळला, त्या काळी पूर्ण ग्लोबल इल्युमिनेशन (जीआय), म्हणजे भिंती-छतावर आपटून पसरणाऱ्या प्रकाशाचा हिशेब, काढणं परवडणारं नव्हतं. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीच्या हेडन लँडिस यांनी 2002 च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्स परिषदेमध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा हेतू मर्यादित होता: सभोवतालून, आकाशातून येणारा प्रकाश किती अडतो ते मोजायचं आणि तेवढाच प्रकाश कमी करायचा. 2010 मध्ये लँडिस, केन मॅकगॉ आणि हिल्मर कोच यांना याच कामासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज आपली इंजिनं जीआय स्वतः काढतात. कोपरा किती अंधारायचा हे त्यांनी आधीच हिशेबात घेतलेलं असतं. त्यावर पुन्हा पूर्ण चित्रभर एओ मल्टिप्लाय केला की तोच अंधार दोनदा मोजला जातो, आणि जो प्रकाश आकाशाचा नाही त्यालाही कात्री लागते.

दुसऱ्या पद्धतीत ही कात्री योग्य जागी लावता येते. व्ही-रे 5 पासून, म्हणजे 2020 पासून, लाइट मिक्स (दिव्यांचे थर कमी-जास्त करण्याची सोय) फ्रेम बफरमध्येच, म्हणजे रेंडर दिसतो त्या खिडकीतच आहे. ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनमध्ये लाइट ग्रुप 3.2 पासून, 2022 मध्ये आले. दिव्यांचे गट करून रेंडर केलं की प्रत्येक गटाचा उजेड, त्याच्या परावर्तनासकट, वेगळा थर म्हणून मिळतो. कोव्ह मंद करायचा, स्पॉटचा रंग उबदार करायचा, सूर्याचा जोर थोडा कमी करायचा, हे सगळं पुन्हा रेंडर न करता होतं. कोव्हच्या थरात सावल्या आणि कोपरे आधीच त्या दिव्यानुसार पडलेले असतात. सावलीचा वेगळा पास मी इंटिरिअरमध्ये जवळजवळ सोडलाच, कारण सूर्याचा थर कमी-जास्त केला की सावलीचा गडदपणा आपोआप बदलतो.

ही पद्धत सगळ्यांना सोयीची होईल असं मात्र मी म्हणणार नाही. मेमरी लागते. 3840×2160 चा एक रंगीत पास पूर्ण 32 बिटमध्ये कॉम्प्रेशनशिवाय सुमारे 100 एमबी होतो, हाफ फ्लोटमध्ये (16 बिट) 50. खोलीतला प्रत्येक दिवा स्वतंत्र काढायला गेलात तर साध्या लॅपटॉपची दमछाक होते. म्हणून गट प्रकारानुसार करावेत, दिव्यागणिक नव्हे. नॉइज, म्हणजे दाणेदारपणाही थरागणिक वाढलेला दिसतो, कारण एखादा मंद गट नंतर उजळला की त्यातले दाणेही उजळतात. डिनॉइज प्रत्येक गटावर हवा. इमिसिव्ह, म्हणजे स्वतः उजेड देणारं मटेरियल कोणत्याच गटात घातलं नसेल तर बेरीज मूळ चित्राशी जुळत नाही, तेव्हा पहिला शोध तिथेच घ्या.

बेरीज न जुळण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे गॅमा. हे थर लिनिअर आहेत, म्हणजे त्यातले आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतात; पीएनजीत मात्र गॅमा लावून ते स्क्रीनसाठी वाकवलेले असतात. 8 बिटच्या पीएनजीमध्ये काढून फोटोशॉपमध्ये लिनिअर डॉजने जोडले तर उजळ भाग फुटतात. ईएक्सआरमध्ये (लिनिअर आकडे तसेच ठेवणारी फाइल) काढा, 32 बिट मोडमध्येच जोडा आणि टोनमॅपिंग, म्हणजे उजेड स्क्रीनच्या मर्यादेत बसवणं, अगदी शेवटी करा. हे शिकायला सुरुवातीला वेळ जातो, हे कबूल आहे. एओ मल्टिप्लाय करायला पाच मिनिटांत शिकता येतं.

तरीही सोफा तरंगत असेल तर? तेव्हा मी एओ काढतो, पण तो फक्त आकाशाच्या थराला क्लिप करतो. त्या थरापुरता तो मल्टिप्लाय होतो, वर कोव्ह आणि स्पॉटचे थर बेरजेत तसेच चढतात. सोफ्याच्या पायाखाली अंधार येतो, कोव्ह स्वच्छ राहतो, आणि कॅमेरा हलला तरी मास्क नावालाही नसतो. एओच्या मूळ हेतूलाही हे धरून आहे.

तुमचं काम बहुतांशी दिवसाच्या एलिव्हेशनचं, टाउनशिपच्या बर्ड्स-आय व्ह्यूचं किंवा विद्यार्थ्यांच्या शीट्सचं असेल, तर एओ मल्टिप्लाय चालू ठेवायला काहीच हरकत नाही. तिथे आकाश आणि सूर्य सोडून फारसे दिवे नसतात आणि तो त्रास होतही नाही. त्रिज्या आणि युनिट तपासा, ओपॅसिटी 40 टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, एवढं पुरतं. पण हॉल, किचन, शोरूम, हॉटेलची लॉबी, संध्याकाळची दृश्यं असं काम असेल, तर मला वाटतं लाइट गटांवर एक आठवडा घालवणं फायद्याचं ठरेल. सुरुवात चारच गटांनी करा: आकाश, सूर्य, कोव्ह-प्रोफाइलसारखे लपलेले दिवे, आणि स्पॉट-लटकन दिव्यांसारखे दिसणारे. आकाश आणि सूर्य एका गटात टाकू नका, नाहीतर एओ क्लिप करायला स्वच्छ थर उरत नाही.