उन्हाळ्यात मॅरेथॉनची तयारी: छापील प्लॅन, सैल आठवडा की सरळ सुट्टी?

एप्रिल लागला की मुंबईतल्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, प्लॅनमध्ये रविवारी १८ किलोमीटर लिहिलेत म्हणजे १८च, घामाला काय घाबरायचं? दुसऱ्याचं म्हणणं, आता बूट माळ्यावर, भेटू पाऊस पडल्यावर. मधले बिचारे रोज हवा बघून ठरवतात आणि दोन्हीकडून बोलणी खातात. माझं मत या मधल्यांच्या बाजूने आहे, पण सरसकट नाही. तुमची रेस कधी आहे यावर बरंच अवलंबून आहे.

आधी कॅलेंडर काढा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. ४२.१९५ किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनचा प्लॅन साधारण १६ ते १८ आठवड्यांचा असतो. उलटं मोजत आलात तर त्याचा पहिला आठवडा सप्टेंबरच्या मध्यावर किंवा शेवटाकडे, गणपतीच्या आसपास येतो. म्हणजे मे महिन्यात जे चाललेलं असतं ती फार तर तयारीची तयारी. तेव्हा एखादा लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांब पल्ला) बुडाला, तर जानेवारीत पेडर रोडच्या चढावर त्याचा हिशोब कोणी मागायला येत नाही.

साताऱ्याच्या हिल हाफचं, म्हणजे घाटातल्या अर्ध्या मॅरेथॉनचं, गणित वेगळं. ती पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते आणि यवतेश्वरचा घाट कोणालाच सूट देत नाही. तिथून साडेतीन-चार महिने मागे गेलं की ऐन मे येतो. लडाखची सप्टेंबरमधली मॅरेथॉन धरली असेल तरी तेच. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सवाल्यांची तर आणखी पंचाईत: रेस जूनमध्ये, अंतर ९० किलोमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे त्यांचे सगळ्यात लांब रन एप्रिल-मेच्याच वाट्याला येतात. या मंडळींनी सुट्टीचा पर्याय खोडूनच टाकावा. त्यांना प्रश्न एवढाच उरतो की प्लॅन किती ताणायचा.

छापील प्लॅन: कुठे अडतो, कुठे उपयोगी पडतो

बहुतेक तयार प्लॅन किलोमीटर आणि पेसमध्ये (एका किलोमीटरला किती मिनिटं) लिहिलेले असतात. ते लिहिणाऱ्याने दादरची मे महिन्यातली पहाट पाहिलेली नसते. आपल्याकडे तेव्हा सूर्य उगवायच्या आधीही पारा २७-२८ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही आणि हवा दमट. घाम धो धो येतो, पण उडत नाही, आणि अंग गार होतं ते घाम उडाला तरच. मग शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती हे घड्याळावर दिसतं. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसने निघालात, पहिल्या दोन फेऱ्यांना ठोके १४०, गप्पा मारता येतायत. सातव्या-आठव्या फेरीला पेस तोच, पण आकडा १६०च्या वर गेलेला आणि शेजारच्याला उत्तर हुंकारात. टी-शर्टमधला घाम चड्डीत, चड्डीतला मोज्यांत उतरतो आणि बूट पचक पचक वाजायला लागतात. कागदावर हा इझी रन. शरीराच्या खात्यात मात्र टेम्पो, म्हणजे दम काढणारा जोराचा रन, जमा झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅनमध्ये इंटरव्हल (थांबत थांबत मारायचे वेगवान तुकडे) लिहिलेले असतात!

शिवाय मुंबईचा उन्हाळा सरळ रेषेत चढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडे वारे सुटले आणि समुद्राचा वारा यायला उशीर झाला की पारा एकदम उसळतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस कधी येणार हे जानेवारीत बसून कोणी तक्त्यात भरू शकत नाही.

तरीही छापील प्लॅनची बाजू मी अगदीच टाकून देणार नाही. पहिल्यांदाच धावायला लागलेल्याला ‘शरीराचं ऐका’ सांगण्यात अर्थ नसतो. त्याचं शरीर रोज एकच सांगतं, झोपून राहा. दुसरा प्रकार आपल्यातल्या वाटाघाटी करणाऱ्यांचा. आज दमट आहे, उद्या उशिरा घरी आलो, परवा आयपीएल. लवचीकपणाच्या नावाखाली महिना कसा जातो कळत नाही. तुम्ही यातले असाल तर छापील प्लॅन घ्या, फक्त त्यातले किलोमीटर खोडून मिनिटं लिहा.

सैल आठवडा: मी याच्या बाजूने का

यात दिवस मोकळे आणि आठवडा पक्का. आठवड्यात तीन गोष्टी व्हायलाच हव्यात: एक लांब, एक थोडी जोरात, एक स्ट्रेंथची (ताकदीच्या व्यायामाची). बाकीचं जमलं तर इझी. लांब म्हणजे ९० मिनिटं. त्यात १४ किलोमीटर झाले की ११, हे हवा ठरवेल. गुरुवारची पहाट बरी वाटली तर रविवारचा रन गुरुवारी उरका. पथ्यं दोनच. जोराचे दोन दिवस लागोपाठ नकोत, आणि या आठवड्यात राहिलेलं पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. राहिलं ते राहिलं. उधारी फेडायला जाणारेच जूनमध्ये फिजिओकडे दिसतात.

दमसास एवढ्यावर टिकतो का? टिकतो. आठवड्यातून दोन-तीनदा धावणं आणि त्यात थोडा जोर ठेवला, तर एकूण अंतर बरंच कमी होऊनही कमावलेलं अनेक आठवडे राहतं. पूर्ण थांबलात तर मात्र दोन-तीन आठवड्यांत घसरण जाणवते.

दुसरा फायदा उन्हाळ्याचाच. रोज थोडं उकाड्यात धावलं की साधारण १० ते १४ दिवसांत शरीर सरावतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुरू होतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच पेसला ठोके उतरतात. हा सराव काही आठवड्यांच्या खंडाने जातो आणि निव्वळ एसी जिममध्ये धावून मिळत नाही.

ट्रेडमिलला मी नावं ठेवत नाही. जोराचा दिवस तिथे करावा, कारण पेस खरोखर गाठता येतो. चढ १ टक्क्यावर ठेवा, पंखा अंगावर घ्या. लाँग रन तिथे करणाऱ्यांच्या चिकाटीला नमस्कार, मला भिंत बघवत नाही.

पहाट की संध्याकाळ, सीफेस की झाडं

पहाटे आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे आणि संध्याकाळी ६५ दिसते म्हणून संध्याकाळ कोरडी, हा गैरसमज आहे. टक्केवारी तापमानावर ठरते. हवेतलं पाणी दोन्ही वेळी जवळपास तितकंच असतं, फक्त संध्याकाळी पारा चार-पाच अंशांनी वर. त्यामुळे लाँग रन पहाटेच, आणि मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं हे धरून त्याआधी निम्मा उरकलेला हवा. छोट्या रनला मात्र मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सीफेसची संध्याकाळ मला आवडते. वारा असतो, आणि वाऱ्याने घाम उडतो. तिथे सावली नाही, म्हणून सूर्य टेकल्यावरच जा.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी बोरिवलीचं नॅशनल पार्क. गेटपासून कान्हेरीपर्यंत सुमारे ६ किलोमीटर, सावली आणि शेवटाकडे चढ. साताऱ्याला जाणाऱ्यांना मुंबईत याहून बरं काय मिळणार? वारा अडतो, त्यामुळे झाडाखाली वाटतं तेवढं गार नसतं. गेट उघडायची वेळ आधी विचारून घ्या.

घाम मोजा

कोणताही पर्याय घेतलात तरी हे एकदा कराच. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. ६४ किलोचे ६२.६ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायला असाल, तर घाम गेला १.९ लिटर. तासाभरात एवढा जात असेल तर कमरेच्या छोट्या बाटलीवर भागणार नाही, वाटेत पाण्याची सोय असलेला रस्ता निवडावा लागेल. नुसतं साधं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं. पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणात ओआरएस घ्या. घरी आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा पन्हं आहेच.

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर त्याला घाम येतोय म्हणून ठीक आहे असं समजू नका. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. सावलीत घ्या, मिळेल त्या थंड पाण्याने सगळं अंग भिजवत राहा आणि १०८ला फोन लावा.

सुट्टी कोणाला शोभते

जानेवारीची फुल धावून लगेच आणखी एक रेस केलेल्यांना, गुडघा किंवा टाच कुरकुरत असणाऱ्यांना, आणि पुढची रेस थेट जानेवारीत असणाऱ्यांना. त्यांनी दोन-तीन आठवडे खुशाल थांबावं, स्ट्रेंथ तेवढी सोडू नये. बीपी-हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी उन्हाळ्याचा कोणताही प्लॅन आधी डॉक्टरांना दाखवावा.

मेमध्ये मुलांना घेऊन कोकणात गावी जाणार असाल तर बूट पिशवीत टाका. हवा तिथेही दमटच, पण घरापासून देवळापर्यंत एखादी घाटी, म्हणजे चढाची वाट, असतेच. आठवड्यातून दोनदा अर्धा तास तिच्यावर वर-खाली केलंत, तर जोराचा दिवस आणि स्ट्रेंथ दोन्ही त्यात आले असं मी धरतो.