कारवारची जेट स्की टूर : काळी नदीच्या तोंडापासून कुरुमगडापर्यंत

बेळगावात कुणालाही विचारा समुद्राला कुठं जायचं, गोवा नाहीतर मालवण, तिसरं नाव येत नाही. कारवार आपल्यापासून चार तासांवर आहे तरी तिकडं कुणी फिरकत नाही, मी पण फिरकत नव्हतो. जानेवारीत जाऊन आलो आणि तिथली गाईडबरोबरची जेट स्की टूर केली, त्याबद्दल सविस्तर लिहितोय कारण जायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा मराठीत कुठंच नीट माहिती मिळाली नाही.

आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि २२ वर्षांचा भाचा. रस्ता खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असा धरला. घाटात रस्ता अरुंद आहे आणि सगळा काळी टायगर रिझर्व्हचा भाग लागतो, त्यामुळं दिवसाउजेडीच उतरा. गणेशगुडीला राफ्टिंग आपल्याकडचे सगळेच करून आलेत, ती जी नदी तिथं सुपा धरणाच्या खाली फेसाळत असते तीच काळी नदी इथं सदाशिवगडाच्या पायथ्याला इतकी रुंद आणि संथ होऊन समुद्राला मिळते की पहिल्यांदा बघितल्यावर ही तीच हे पटतच नाही. डिग्गीपासून इथपर्यंत १८४ किलोमीटर येते ती, आणि मध्ये धरणं किती झालीत.

टूर दीड तासाची, माणशी २८०० रुपये घेतले. सकाळी ७ ला बोलावलं होतं, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा उठतात म्हणून सकाळचीच वेळ घ्या असं फोनवरच सांगितलेलं, ते बरोबर निघालं. तीन मशीन होत्या. पुढच्या मशीनवर गाईड आणि त्याच्या मागे आमची ही, दुसरीवर मी आणि तिसरीवर भाचा. आम्हा दोघांच्या मागे एकेक ट्रेनर बसला होता, हँडल आमच्या हातात पण गरज पडली तर तो मागून धरणार. लायसन वगैरे काही मागितलं नाही, आधार कार्ड बघितलं आणि एका फॉर्मवर सही घेतली. पोहता येतं का हे विचारलं, नाही म्हणालात तरी चालतं, पण खरं सांगा.

आता जेट स्कीबद्दल थोडं बोलतो कारण हा माझा रोजचा विषय आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत १८ वर्षं मी पंपाचे इंपेलर, म्हणजे आत फिरणारी पात्यांची चाकं, मशीनिंग करतोय, आणि जेट स्की म्हणजे दुसरं तिसरं काही नसून सीटखाली इंजिनावर चालणारा एक पंप आहे. बुडाला जाळी असते तिथून पाणी ओढून घेतं, आत इंपेलर फिरतो, त्याच्या मागे न फिरणारी पाती असतात ती पाण्याचा पीळ काढून सरळ करतात आणि नोझलमधून पाणी मागे जोरात फेकलं जातं, त्या धक्क्यानं मशीन पुढं. बोटीसारखा बाहेर पंखा नाही आणि मागे सुकाणूही नाही. हँडल वळवलं की नोझल वळतो, एवढंच. याचा अर्थ काय तर थ्रॉटल, म्हणजे रेस, सोडला की पाणी यायचं बंद आणि पाणी बंद म्हणजे वळायचंही बंद. ही गोष्ट गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. समोर काही आलं की आपला हात आपोआप रेस सोडतो, आणि इथं रेस सोडून हँडल कितीही वळवलं तरी मशीन सरळच जाऊन धडकते. बरेच अपघात याच्यामुळंच होतात.

आणि म्हणूनच मला ह्या लोकांचं पहिलं काम आवडलं. त्यांनी आम्हाला लगेच समुद्रात नेलं नाही. नदीतच एक रिकामा डबा पाण्यात तरंगत सोडला आणि म्हणाले ह्याच्याकडं सरळ जा, मध्येच थ्रॉटल सोडा आणि वळवून दाखवा. मी सगळं माहीत असूनसुद्धा डब्यावर गेलो! भाचा तर दोनदा गेला. तिसऱ्या वेळी थोडी रेस ठेवून वळायचं जमलं तेव्हाच पुढं सोडलं. मनगटाला लाल कुरळी दोरी बांधली, तिचं दुसरं टोक किल स्विचला, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. ट्रेनरनं माझी दोरी ओढून इंजिन बंद पडतंय का ते माझ्यासमोर बघितलं. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या बीचवर, नाव घेत नाही, पाच मिनिटांची राउंड मारली होती तिथं ती दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली होती, बांधलीच नव्हती कुणाला. तेव्हा मला कळलं नाही, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पहिला भाग नदीच्या आत, म्हणजे समुद्राच्या उलट दिशेला. तिथं पुलाखालून जावं लागतं. जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला हे बातम्यांत बघितलं असेल, गाईडनं त्या बाजूपासून लांब, नव्या पुलाच्या मधल्या गाळ्यातून नेलं आणि खांबाजवळ प्रवाह कसा फिरतो ते दाखवलं. पुढं कांदळवन लागतं. इथं वेग एकदम चालण्याइतका. जेट स्कीवर बसून इतकं हळू जायचं म्हणजे भाच्याला सुरुवातीला कंटाळा आला, मला मात्र इथून हलूच नये असं वाटत होतं. ओहोटी होती त्यामुळं कांदळाची मुळं पाण्याच्या वर उघडी, कमानीसारखी वाकून चिखलात रोवलेली, आणि पाण्याची रेघ जिथपर्यंत चढते तिथपर्यंत मुळांना कालवं चिकटलेली, शिंपल्याच्या धारा इतक्या तीक्ष्ण की हात लावू नका म्हणून आधीच बजावलं. चिखलावर खेकडे, एक खंड्या आमच्या पुढं पुढं उडत चाललेला. काठाच्या ओल्या मातीवर गाईडनं बोट दाखवलं, पावलांचे ठसे होते, पाणमांजराचे, बोटांमध्ये पडदा असतो त्याची खूण पण पुसट दिसत होती. पाणमांजर स्वतः काही दिसलं नाही. चार बायका कमरेइतक्या पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होत्या, त्यांच्यापासून बरंच लांबून आम्ही गेलो, कारण मशीनच्या लाटेनं त्यांचं पाणी गढूळ होतं. गाईडनं त्यांना हात केला आणि कोकणीत काहीतरी बोलला, त्या हसल्या.

इथंच माझ्या मशीनला प्रॉब्लेम आला. एकदम इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र पडला. मला तो आवाज ऐकूनच कळलं, पंपाला पाणी मिळत नाही आणि आत पोकळ बुडबुडे होतायत, यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. आमच्याकडं टेस्टिंगला सक्शनमध्ये काही अडकलं की अगदी असंच घरघरतं. मागच्या ट्रेनरनं लगेच इंजिन बंद करून किल स्विचची दोरी काढून घेतली, गाईड परत आला, पाण्यात उतरला आणि बुडाच्या जाळीत हात घालून हळूहळू ओढत राहिला. हातभर लांब नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा निघाला, निळा, त्यात एक छोटा खेकडा अडकलेला अजून जिवंत. खेकडा त्यानं नखानं एकेक धागा बाजूला करून सोडवला, दोन मिनिटं तरी गेली असतील त्याला, आणि मग तो जाळ्याचा तुकडा सीटखालच्या डब्यात टाकला. तिथं आधीचे असे सात-आठ तुकडे होते. मी विचारलं रोज सापडतं का, म्हणाला अण्णा, पावसाळा संपल्यावर तर रोज. त्या एका गोष्टीवरून मला ह्या माणसावर पूर्ण विश्वास बसला.

मग तोंडातून बाहेर. डावीकडं कारवार, उजवीकडं देवबागची (हे कारवारचं, मालवणचं नव्हे) सुरूची झाडी, आणि समोर उघडा समुद्र. इथं थोडा वेळ वेगानं जाऊ देतात, देवबागच्या समोर, किनाऱ्यापासून लांब. मजा येते, खोटं कशाला बोलू, तीनशे-साडेतीनशे किलोचं धूड लाटेवरून उचलून आपटतं तेव्हा पोटात गोळा येतो. दक्षिणेकडं जाऊ देत नाहीत, तिकडं नेव्हीचा कदंब तळ आहे, आणि त्यावर घासाघीस करू नका, परवानगीचा विषयच नाही. कुरुमगड बेटाच्या अलीकडं आल्यावर गाईडनं हात वर केला, म्हणजे सगळ्यांनी इंजिन बंद.

आणि आम्ही नुसते तरंगत बसलो. पंधरा मिनिटं तरी काही नाही. आधी हिलाच दिसलं, बेटावरच्या झाडावर एक मोठा पक्षी, पांढरं पोट, राखाडी पाठ. समुद्री गरुड. आपल्याकडं दिसते ती घार नाही, हा बराच मोठा, मासे खातो आणि समुद्री साप पण धरतो म्हणे. कुरुमगडावर नरसिंहाचं देऊळ आहे, पौषात जत्रा असते तेव्हा होड्याच होड्या असतात, बाकी वर्षभर बेट शांत, म्हणून हे पक्षी इथं टिकून आहेत असं गाईडचं म्हणणं.

डॉल्फिन आले ते आवाजानं कळलं. दिसायच्या आधी मागून "फुस्स" असा श्वास ऐकू आला, टायरची हवा सोडल्यासारखा, आणि गाईड हळूच कोकणीत म्हणाला पळयात, पळयात, म्हणजे बघा, बघा. वळलो तर वीसेक फुटांवर पाठ वर आली, गडद करडी, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. मग दुसरी, मग एक लहान पिल्लू आईच्या कुशीला लागून. हे कुबडवाले डॉल्फिन, उथळ पाण्यात नदीच्या तोंडाशीच राहणारे, खोल समुद्रात जात नाहीत, म्हणजे माणूस जिथं मासेमारी करतो, बंदर बांधतो, बोटी फिरवतो नेमकं तिथंच त्यांचं घर. जगात ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदवली आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. ते स्वतः जवळ आले, दहा मिनिटं आमच्याभोवती खाणं धरत फिरले आणि गेले. गाईडनं तेवढा वेळ इंजिनाला हात लावला नाही. गेल्यावरही लगेच नाही, बरेच लांब जाऊ दिले मग स्टार्ट केलं. आमची ही रडत होती, मी काही विचारलं नाही, माझीही अवस्था तीच होती.

त्या दुसऱ्या बीचवर आम्ही डॉल्फिन बोटीतून बघितले होते. आठ-नऊ बोटी मिळून त्यांच्या मागे पळत होत्या, ते जिथं वर येतील तिथं सगळ्या वळायच्या, लोक शिट्ट्या मारत होते. डॉल्फिन आवाजावर जगतो, मासा शोधणं, एकमेकांना बोलावणं, पिल्लाला जवळ ठेवणं सगळं आवाजावर, आणि आपण त्याच्या डोक्यावर इंजिनं फिरवतो. त्या दिवशीही पैसे मीच दिले होते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जेट स्की हे प्राणी बघायला जायचं चांगलं वाहन आहे असं मला वाटत नाही. बाहेर पंखा नसल्यानं कासवाला पातं लागत नाही हे खरं, पण वेगातला ठोकर तोच. आणि तिला उथळ पाणी चालतं म्हणून ती जिथं होडी जात नाही तिथं पण घुसू शकते, हाच धोका आहे. कासवं थंडीत ह्याच किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. ही टूर चांगली आहे ती मशीनमुळं नाही, त्या गाईडनं मशीन कुठं बंद करायची हे ठरवलंय म्हणून चांगली आहे. दुसरा कोणी गाईड मिळाला तर हीच टूर वाईट होऊ शकते, त्यामुळं बुकिंग करताना सरळ विचारा की डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करता का. उत्तर द्यायला अडखळले तर जाऊ नका.

आता तक्रारी. हिला दिलेल्या लाइफ जॅकेटची एक बकल नीट बसत नव्हती, मी दाखवल्यावर लगेच बदलून दिली पण ते त्यांनी आधी बघायला पाहिजे होतं, दोरी तपासणारी माणसं बकल कशी तपासत नाहीत? मोबाईलची प्लास्टिक पिशवी २०० रुपयांना दिली ती गळली, भाच्याचा फोन दोन दिवस तांदळात होता. कपडे बदलायला पत्र्याची एकच खोली, तिला आतून कडी नाही, बायकांसाठी हे बरोबर नाही. व्हिडिओचे ५०० वेगळे लागतात हे शेवटी कळलं. आणि देवबागसमोरचा तो वेगाचा भाग त्यांनी कमी करावा असं मी मालकांना सांगितलं, गिऱ्हाईक त्यासाठीच येतं म्हणाले, त्यांचंही पोट आहे, पण मी सांगायचं ते सांगितलं.

जाणार असाल तर ऑक्टोबर शेवटपासून फेब्रुवारीपर्यंत जा, पावसात सगळं बंद असतं. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, चष्म्याला दोरी बांधा. पाठीचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर, आणि गरोदर बायकांनी तर अजिबात बसू नका, आपटे फार बसतात. जेवण कारवारातच करा, तिसऱ्यांचं सुकं आणि बांगडा खाल्ला, अजून चव आठवतेय.

५ पैकी ४ देतोय, कापलेला एक त्या बकलचा आणि खोलीच्या कडीचा. मार्चच्या आत आईला घेऊन परत जातोय. तिचं वय ७१, जेट स्कीवर बसवणार नाही, पण त्याच गाईडच्या भावाची वल्ह्याची होडी आहे, कांदळवनात तासभर फिरवतो म्हणाला, बोलून ठेवलंय.