वरचं तेल काढू नका! आंध्र पद्धतीची टोमॅटो चटणी, सात महिन्यांनंतर

पहिल्या बरणीनंतर मी हिला दोनच तारे दिले होते. कारण तेल. झाकण उघडलं की वर बोटभर तेल. पैसे टोमॅटोचे मोजलेत की तेलाचे? आता चौथी बरणी चालू आहे आणि तेलाबद्दलचं मत पार फिरलंय. कंपनीबद्दलचं नाही.

झालं असं, की तेल वाया कसं घालवायचं म्हणून मी ते काढून घ्यायचे. लसूण-मेथीचा वास मुरलेलं लालभडक तेल, म्हणजे फुकटची फोडणीच! तिसऱ्या बरणीतलं असंच फोडणीच्या पोळीत गेलं आणि पंधरा दिवसांनी बघते तर चटणीला कडेने पांढरी लव. कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, ओला चमचा घातला असेल." लोणच्याच्या बरणीला वेगळा लाकडी चमचा ठेवणारं घर आमचं, आणि हा मला शिकवतोय! तीन फोन, दोन फोटो, बदली बरणी नाहीच.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोणच्यावर तेल कशाला ओततो आपण?" हवा लागू नये म्हणून. खरं झाकण ते तेलच, आणि ते मी पोळीला घालून संपवलं होतं. पण मग "चटणी तेलाखाली राहू द्या" एवढं लेबलवर छापायला काय जात होतं?

शिवाय टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शिजवून तेलासोबत खाल्लं की अंगी जास्त लागतं. क जीवनसत्त्वाची मात्र फार आशा नको. ताज्या १०० ग्रॅम टोमॅटोत ते साधारण १४ मिलिग्रॅम असतं, शिजवण्यात आणि साठवणीत बरंच जातं. खरी भानगड मिठाची. माझ्या बरणीवर १०० ग्रॅमला २,१०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम घेतली की ६३० झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० च्या आत राहा म्हणते. घरात बीपीची गोळी चालू, म्हणून आता चटणी मिठाच्या जागी वापरते. थालीपिठाच्या पिठात, आमटीत (चिंच आयतीच मिळते), आणि सगळ्यात भारी म्हणजे घट्ट दह्यात कालवून ज्वारीच्या भाकरीशी. डोशाबरोबर नुसती खाल्ली तर खारट लागते.

चटणीला चार तारे, कस्टमर केअरला शून्य. बरणी काचेची, मजबूत आहे. पण झाकणाचा लसणाचा वास काही जात नाही, तिच्यात साखर भरू नका. आमचा चहा दोन दिवस वाया गेला.