आरएक्सचं पुढचं चाक रिस्टोअरला दिलं आणि परत आलं ते दुसऱ्याच कुणाचं

लिहू की नको करत दोन महिने गेले. लाज वाटते हे पहिलं कारण. टर्नरचा पोरगा मी, वडिलांची अख्खी हयात भोसरीत लेथवर गेली आणि मी लेथच्याच कामात फसलो. नातेवाईकांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं गाडी स्लिप झाली.

गाडी बाबांची, यामाहा आरएक्स १००, १९८७ ची. ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, आणि आज तिच्या जुन्या ओरिजिनल पार्टला सोन्याचा भाव आहे. डुप्लिकेट पाहिजे तेवढे मिळतात, नाना पेठेत कुठल्याही दुकानात विचारा. पण नव्वदच्या आधीचा हब (चाकाचा मधला गोल भाग, ज्यात ब्रेक असतो), रिम, ब्रेक प्लेट (त्याचं झाकण) म्हणलं की लोक वेडे होतात. हे मला माहीत होतं. माहीत असून दिलं, म्हणून जास्त राग येतो.

पुढच्या चाकाची हालत खराबच होती. रिमच्या क्रोमला फोड आलेले, चार स्पोक ढिले, बेअरिंगमध्ये खरखर, आणि ब्रेक दाबला की लिव्हर हाताला धकधक करायची म्हणजे हबमधला ब्रेकचा ड्रम ओव्हल झालेला. बाबा म्हणत होते मी ओळखीच्या लेथवर नेऊन टर्न करून म्हणजे आतून घासून परत गोल करून आणतो, सातशे रुपयांचं काम. पण मला दसऱ्याच्या पूजेला गाडी शोरूमसारखी पाहिजे होती ना! एका रिस्टोरेशन वर्कशॉपचे रील बघितलेले. गंजलेलं चाक, मग धूर, मग संगीत, मग चकाचक चाक फिरतंय. खाली शंभर कमेंट, दोन महिन्यांचं वेटिंग. वेटिंग आहे म्हणजे काम चांगलं असणार असं डोकं चालवलं मी. बाकी पुढचं तुम्हाला माहितीच असेल, ॲडव्हान्स, मग 'अजून एक खर्च निघालाय', मग 'क्रोमवाल्याकडे लाइट नाही', मग 'गणपतीत पोरं गावाला गेलीत'. सगळं क्रमाने झालं, एकही पायरी चुकली नाही.

हिशोब लिहूनच टाकतो. रिम रिक्रोम ३,८००, स्टीलचे स्पोक १,६००, ड्रम टर्निंग ७००, ब्रेक शू ६५०, बेअरिंग आणि सील ५५०, हब आणि ब्रेक प्लेट ब्लास्टिंग-बफिंग १,८००, मजुरी ३,४००. एकूण १२,५००. त्यातले ७,००० यूपीआयने आधी. मग ऑगस्टमध्ये फोन, रिम वाकलाय, दुसरा 'ओरिजिनल' रिम घालावा लागेल, २,८००. मग ब्रेक कॅम (जो शू फाकवून ड्रमला दाबतो) आणि स्पीडोमीटरचा ड्राइव्ह गेलाय, १,१५०. तेही यूपीआय. राहिलेले ५,५०० चाक घेताना, ते मात्र कॅश, कारण 'सर सर्व्हर डाऊन आहे'. शेजारच्या टपरीवर त्याच वेळी लोक स्कॅन करून चहा पीत होते. १६,४५० टोटल. कच्चं बिल, त्यावर गाडीचा नंबर नाही, पार्टचं वर्णन नाही, फक्त 'फ्रंट व्हील काम'.

बिलावर कामाचं वर्णन नसेल तर पैसे देऊ नका. कॅश तर अजिबातच नाही.

आता मुख्य. बाबांनी १९८७ ला गाडी घेतल्यावर कंपनीतले नंबर पंच आणून हबवर आणि ब्रेक प्लेटच्या आतल्या बाजूला गाडीचा नंबर ठोकला होता, ४७१२. त्या काळात बरेच लोक करायचे, स्टँडवरून चाकं चोरीला जायची. चांगला हातोडीने खोल ठोकलेला, आणि त्यांच्या सेटमधला साताचा पंच तुटका होता त्यामुळे साताची शेपटी अर्धीच उमटायची. लहानपणी मी त्याला एक म्हणायचो आणि बाबा चिडायचे.

चाक द्यायला गेलो तेव्हा त्या वर्कशॉपच्या माणसाने हबवरचा नंबर अंगठ्याने पुसला आणि विचारलं, हे काय सर? आणि मी, मूर्ख, खुर्चीत बसून त्याला पूर्ण कथा सांगितली. सत्त्याऐंशीची गाडी, एक हाती, हब-रिम-प्लेट सगळं मूळचं, एकदाही बदललेलं नाही. पंधरा मिनिटं सांगत होतो. त्याने चहा मागवला. 'सर असा पीस आजकाल मिळत नाही' म्हणाला आणि माझी छाती फुगली. आता कळतंय की मी गाडीचं कौतुक करत नव्हतो, त्याला मालाची यादी वाचून दाखवत होतो. एक पण फोटो काढला नाही मी. जेवणाच्या ताटाचे फोटो आहेत माझ्या मोबाईलमध्ये, त्या चाकाचा द्यायच्या आधीचा एकही नाही.

आणि तरी तेव्हा कळलं नाही हे माफ करता येईल. चाक घेतानाचं माफ करता येत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दसरा २ ऑक्टोबरला, मी घाईत. चाक टेबलावर ठेवलेलं, लाइट मारलेला, चमकत होतं. मी हब फिरवून बघितला. नंबर नाही. परत फिरवला. नाही. विचारलं. तो म्हणाला, 'सर ब्लास्टिंग आणि बफिंगमध्ये गेला ना तो, वरचा थर निघतो.' आणि मी 'हो का' म्हणालो.

हो का! अर्धा मिलीमीटर तरी खोल ठोकलेला पंच बफिंगला जात नाही हे मला दहावीत असताना सुद्धा सांगता आलं असतं. तेवढं मटेरियल घासलं तर हबचा आकार दिसेल ना बदललेला. ब्रेक प्लेटच्या आतल्या बाजूला तर कोण बफिंग करतं? मी प्लेट उघडून बघा म्हणलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला शंका आली होती. पोटात आली होती. पण निम्म्याहून जास्त पैसे गेलेले, दोन महिने थांबलेलो, समोर चकाचक चाक, आणि तो माणूस इतका गोड बोलत होता की 'माझा हब कुठाय' विचारणं म्हणजे मीच त्याच्यावर खोटा आळ घेतोय असं वाटलं. आपल्याला भांडायची लाज वाटते आणि हे लोक त्याच्यावरच जगतात. जुने काढलेले स्पोक आणि बेअरिंग मागितले तर म्हणाला भंगारवाला कालच घेऊन गेला. तेही ऐकून घेतलं. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागायचे, बेअरिंग असो नाहीतर सील, हे मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे.

दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचा हार घातला, एक चक्कर म्हणून निघालो. ब्रेकची लिव्हर जवळजवळ मुठीला टेकत होती. ब्रेक घट्ट करायचा केबलचा ॲडजस्टर बघितला तर शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढलेला. फोन केला, 'सर शू बसले की टाइट होईल.' आता ही पण गंमत बघा, शू बसतात म्हणजे घासतात, घासले की फट वाढते, ब्रेक आणखी खाली जातो, टाइट कसा होईल? नवीन शू टाकलेत आणि ॲडजस्टर संपलाय याचा अर्थ बहुतेक वेळा ड्रम मोठा झालाय नाहीतर कॅम गेलाय. कॅमचे तर पैसे घेतलेले. हे लक्षात ठेवा, नवीन शू असताना ॲडजस्टरला भरपूर आटे शिल्लक पाहिजेत. नसतील तर तिथूनच गाडी ढकलत परत आणा.

मी ढकलत आणली नाही. कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना पुढून घर्र आवाज आला आणि चाक जाम. शूचं लायनिंग चिकटवलेलं असतं ते सुटून आत अडकलं होतं. वेग पंचवीसच्या आसपास होता, मागे एसटी नव्हती, कोपर आणि गुडघा सोलला एवढ्यावर निभावलं. ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ३५० रुपये, ते मी नुकसानीत धरलेलं नाही.

घरी चाक काढलं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, हात थरथरतो, पण व्हर्नियर हातात आला की थांबतो. ड्रम मापला. आरएक्सचा ड्रम नवीन १३० मिमी असतो, टर्न करून वाढवायला एखाद्या मिलीमीटरपर्यंतच जागा असते, त्याच्या पुढे तो फेकायचा. हा भरला १३२.४. म्हणजे कुणाचा तरी आधीच दोन-तीनदा टर्न केलेला, फेकून द्यायचा हब उचलून पॉलिश करून मला दिला. एवढ्या मोठ्या ड्रममध्ये नेहमीचे शू घातले की गोलाई जुळत नाही, मधला पट्टा तेवढा टेकतो, दोन्ही टोकं हवेत. तो मधला पट्टा जळून काळा काचेसारखा झाला होता. रिमवर क्रोम नव्हतंच, चकचकीत पेंट होता, नखाने निघाला. एक बेअरिंग नवीन, दुसरं जुनंच, धुऊन ग्रीस भरलेलं. बाबा मला एवढंच म्हणाले, 'पंच मारलेला बफिंगला जात नाही रे.' ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढे दोन आठवड्यांनी कळस झाला. आरएक्सचे पार्ट विकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक जाहिरात, 'आरएक्स फ्रंट हब विथ प्लेट, अर्ली मॉडेल, अनटच्ड, ८,५००'. फोटोत हबवर फडकं ठेवलेलं, पण कडेने ४ दिसतो आणि त्याच्या शेजारी अर्ध्या शेपटीचा ७. मेसेज केला, माझं नाव बघून ब्लॉक. मित्राच्या नंबरवरून केला तोवर 'सोल्ड'. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

म्हणलं आता तरी पुरावा आहे. चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते पण ज्यांनी ऐकायचं ते नव्हते. तिसऱ्या दिवशी ऐकलं आणि म्हणाले, 'हा सिव्हिल मॅटर आहे.' म्हणलं साहेब, वस्तू विश्वासाने दिली, त्याने विकून टाकली, हा विश्वासघात झाला ना, भारतीय न्याय संहितेत ३१६ आणि ३१८ कलम आहे. तर 'वकील आहात का?' मग आरसी मागितली. आरसी बघून म्हणाले, 'यात इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, चाकाचा नंबर कुठाय? हब तुमचा कशावरून?' पंचाचं सांगितलं. 'हे ४७ कुणाचंही असू शकतं.' साताची शेपटी दाखवली तर बाकावर बसलेला एक जण हसला. साडेपाच हजार कॅश दिले त्याला पुरावा काय, अपघाताची नोंद का केली नाही, चाक देताना लिहून का घेतलं नाही. म्हणजे चौकशी माझीच चालू! शेवटी एक जण अगदी आपुलकीने म्हणाले, 'अहो एवढी जुनी गाडी, स्क्रॅपला का देत नाही?'

अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. मी हललो नाही तेव्हा शिक्का मारला. तुमच्यावर वेळ आली तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, तोंडी 'बघतो' म्हणजे काहीच नाही. ऑनलाइन पैसे गेल्याची तक्रार करायला गेलो तर 'तुम्ही स्वतः पाठवलेत, हे फसवणुकीत येत नाही'. एका हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथून समोरच्याला ईमेल गेला, त्याने उत्तर दिलं नाही, आणि उत्तर दिलं नाही म्हणून माझी तक्रार बंद! चोराने गप्प बसायचं की केस संपली, किती सोपं. चौकीला नंतर दोनदा फोन केला, आधी 'तपास चालू आहे', मग 'कुठला अर्ज?'

ग्राहक आयोगात टाकतोय आता. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. एका वकिलांनी १५,००० सांगितले, म्हणजे १६,४५० परत मिळवायला १५,०००. स्वतःच लिहितोय. काही जण म्हणतील जाऊ दे ना यार, सोळा हजारासाठी एवढं. सोळा हजार नाही. नंतर जुन्या बाजारातून हब २,४००, रिम १,९००, स्पोक बांधून ट्रू करणं ६००, कंपनीचे शू ४८०, असे ५,३८० वेगळे. २१,८३० झाले. आणि हे दुसरं काम बाबांच्या ओळखीच्या लेथवाल्याने आमच्यासमोर केलं, ड्रम मापून दाखवला, १३०.३, मजुरी घेताना लाजत होता.

आणि हो, कमेंटमध्ये 'सर नाव सांगा' येणारच. नाव टाकलं तर नोटीस मला येईल हे आता शिकलोय. पण चाक कुठेही द्या, आधी हब, रिम, प्लेट सगळ्याचा आतून-बाहेरून व्हिडिओ काढा, त्या माणसाच्या समोर काढा, आणि ड्रमचं माप देताना आणि घेताना बिलावर लिहून घ्या. माप लिहायला जो कुरकुरतो त्याच्याकडून चाक उचलून सरळ घरी या. आणि गाडी किती ओरिजिनल आहे ते सांगत बसू नका.

हब कुणीतरी ८,५०० ला घेतलाय. ज्याने घेतला त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत. तुमच्याकडे आरएक्सचा पुढचा हब असेल, किंवा तुमच्या मेकॅनिककडे टेबलावर पडलेला दिसला, तर जरा फिरवून बघा. ४७१२, सात अर्ध्या शेपटीचा. प्लेट उघडली तर आत पण तोच. पावती-बिवती मागणार नाही, पोलिसात जाणार नाही, जेवढ्याला घेतला तेवढे देतो, वर येण्याजाण्याचं भाडं देतो. बाबांना सांगितलेलं नाही की तो विकला गेलाय, त्यांना वाटतंय अजून वर्कशॉपमध्येच आहे आणि मी आणायला जाणार आहे.