कूलर की एसी? भुसावळच्या उन्हाळ्याआधी

मार्च लागला की आमच्याकडे दोन्ही कामं एकदमच निघतात. कूलरचं काम मळकट, पण घरच्या घरी होणारं: गवताच्या जुन्या जाळ्या फेकायच्या, टाकीतला पांढरा क्षार खरवडायचा, पंप चालवून बघायचा. बस.

एसीला जरा जीव लावावा लागतो. मेन स्विच बंद करून जाळी काढली, तर धुळीचा थर गोधडीसारखा अख्खा निघाला! ती साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायची. गच्चीवरच्या युनिटची कॉइल आणि पाण्याची नळीही साफ हवी. गॅस मात्र दरवर्षी भरायचा नसतो. गळती नसेल तर तो संपत नाही. हे मला दोनदा पैसे मोजल्यावर कळलं.

एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये, पारा ४५ वर असताना, खिडकी उघडी ठेवून कूलर झकास चालतो. पण त्याला पाणी लागतं, आणि नळ काही रोज येत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरने अंग नुसतं चिकचिकतं. तेव्हा एसीच, २४ वर, सोबत पंखा.

माझं मत? दुपारी कूलर, रात्री एसी.