पोच मिळाली का? पोलीस सेवेला माझे पाचपैकी तीन

बेळगावच्या वडगावात माझी पिठाची गिरण आहे. दोन चक्क्या, एक मिरची कांडप आणि थ्री-फेजचं कनेक्शन, एवढाच संसार. लोक हॉटेलाचं लिहितात, मोबाईलचं लिहितात, तसं मी पोलिसांचं लिहायला घेतलंय म्हटल्यावर भाची हसली. "मामी, पोलिसांना कोण स्टार देतं का?" का देऊ नयेत? पगार आपल्या पैशातनं, गाडीत डिझेल आपल्या पैशातनं. वड्यात मीठ जास्त झालं तर आपण बोलतोच की.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला मोबाईलवर मेसेज आला: मागच्या महिन्याचं वीजबिल जमा झालेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. दुसरं कुणी असतं तर हसून सोडलं असतं. पण माझं पोटच त्या तीन वायरींवर. हॉपरात शाळू पडलेला, दारात नऊ डबे रांगेत. मी फोन केला. पलीकडचा हिंदीत इतका अदबीनं बोलत होता की मला तेव्हाच कळायला हवं होतं. वीजवाले कधी अदबीनं बोलतात? त्यानं एक ॲप घ्यायला लावलं, तेरा रुपये भरून "बिल अपडेट" करायला सांगितलं. तेरा रुपये गेले. मागोमाग 9,900 गेले, आणि मी पिठाचे हात पुसेपर्यंत आणखी 8,500.

आता सेवेबद्दल, ज्या क्रमानं मला भेटली त्या क्रमानं.

पहिली भेट 1930 ची. सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाईन. पूर्वी तिचा नंबर 155260 होता, तो कुणाच्या बापाला पाठ झाला नसता. तीनदा एंगेज लागला, चौथ्यांदा एका मुलीनं उचलला. माझं अर्धं कन्नड, अर्धं हिंदी आणि मधून मधून रडू, तिनं सगळं ऐकून घेतलं. बँक कुठली, खातं कुठलं, किती वाजता किती गेले, व्यवहाराचा तो बारा आकडी नंबर काय. (हा नंबर बँकेच्या मेसेजात असतो. तो मेसेज घाबरून पुसू नका. मी पुसणारच होते.) अकरा मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. भाचीनं दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलवर उरलेली माहिती भरली. त्या अकरा मिनिटांमुळं 8,500 रुपये पुढच्या खात्यात पोचताच अडकवून ठेवले गेले. 9,900 मात्र त्याआधीच तिसऱ्या-चौथ्या खात्यात पळाले होते. म्हणजे फरक मिनिटांचाच. 1930 ला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एंगेजचा.

दुसरी भेट ठाण्याची. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्याच ठाण्यातली दोन माणसं माझ्याकडं गहू दळायला आणतात आणि ती दोघं चांगली आहेत. मी गेले तेव्हा ठाणं रिकामं. डिसेंबरात हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. बाहेरच्या जिल्ह्यांतनंसुद्धा पोलीस येतात, तरी आपल्या भागातले बंदोबस्ताला जायचे ते जातातच. ते दहा-बारा दिवस चोरांनीही रजा घ्यावी अशी व्यवस्था झाली पाहिजे. दारात सेंट्री, आत एक रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा पोलीस. रायटरनं ऐकलं, मान हलवली, म्हणाला, "अक्का, हे आमच्याकडं येत नाही. सायबरचं स्टेशन वेगळं हाय. नाळे बर्री." म्हणजे उद्या या.

शुक्रवारी गेले, नाळे बर्री. शनिवारी गेले, साहेब बंदोबस्ताला, सोमवारी बर्री. गिरण बंद ठेवून जायचं, परत येऊन डबे मोजायचे. रागानं मी त्या सायबरच्या वेगळ्या स्टेशनलाही गेले. तिथल्यांनी विचारलं, आधी तुमच्या हद्दीतल्या स्टेशनला का नाही गेला?

यातलं निम्मं रायटरचं चुकत नव्हतं, हे नंतर कळलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणं अशा गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. म्हणून आपल्याकडं सायबर, आर्थिक गुन्हे आणि अंमली पदार्थ यांचं मिळून वेगळं सीईएन ठाणं. पण तपास कुणी करायचा आणि तक्रार कुणी लिहून घ्यायची, या दोन गोष्टी वेगळ्या. भाची आर. एल. लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मामी, 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलम 173. हद्द कुठलीही असू दे, दखलपात्र गुन्हा सांगितला की लिहून घ्यायचा, आणि प्रत फुकट द्यायची. त्याच्याही आधी, 2013 ला, सुप्रीम कोर्टानं ललिताकुमारी खटल्यात सांगितलंय की दखलपात्र गुन्हा लिहून घ्यायलाच हवा." मी म्हटलं, तू चल माझ्याबरोबर. तर तिची परीक्षा.

मग मी अर्ज लिहिला. मराठीत. दुसऱ्या भाषेत मला माझं दुःख नीट मांडता येत नाही. रायटर म्हणाला, कन्नडात आणा. आता बेळगावात या वाक्यावर दोन पिढ्या भांडल्यात आणि मला त्या भांडणात पडायला वेळ नव्हता, दळप खोळंबलं होतं. घटनेच्या कलम 350 मध्ये लिहिलंय की गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. ते मी त्याला सांगितलंही. पण सांगून झाल्यावर शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडनं भाषांतर करून घेऊन मागं टाचलं. हक्कही दाखवला आणि कामही केलं. कुणाला यात माघार दिसली तर दिसू दे.

"घेतो अर्ज, ठेवून जा," म्हणाला.

"पोच द्या."

"पोच कशाला? विश्वास न्हाई का?"

"आहे की. शिक्का मारून द्या."

शिक्का साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडं, साहेब अधिवेशनात. मी बाकड्यावर बसले. सव्वा तास. समोर भिंतीवर कॅमेरा होता, त्याच्याकडं बघत बसले. त्या कॅमेऱ्याचंही पुढं सांगते. शेवटी शिक्का न मिळताच उठले. घरी येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याच्या नावे पाठवला. ठाण्यात लिहून घेतलं नाही तर वर पोस्टानं पाठवायचं, हेही त्याच कलम 173 मध्ये आहे. पोस्टाची पावती म्हणजे माझी पहिली पोच. ती मी देवघरात कुंकवाच्या डबीखाली ठेवली.

चौथ्या दिवशी फोन आला. यावेळी एक तरुण बाई अधिकारी होती, मूळची तिकडं विजयपूरकडची. तिनं खुर्ची दिली, स्क्रीन माझ्याकडं वळवून काय लिहितेय ते वाचून दाखवलं, एफआयआरची प्रत हातात दिली. कन्नडात आहे, वडगावचं वडगावी झालंय, माझ्या वयात तीन वर्षं वाढलीत. चालतंय. तिला एकटीला पाच स्टार. ती पहिल्या दिवशी भेटली असती तर हा अभिप्राय चार ओळींत संपला असता.

आता मुद्द्याचं. पोलिसांवर लक्ष कोण ठेवतं? पोलीसच ठेवतात, हे मला माहीत होतं. पण बाहेरचं कुणी? भाचीनं कागद काढून दाखवले. 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण करा. उपअधीक्षकापर्यंतच्यांची तक्रार जिल्ह्यात, अधीक्षक आणि वरच्यांची राज्यात. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, असं कोर्टाचं म्हणणं. कर्नाटकानं 2012 मध्ये पोलीस कायदा बदलला, पण जिल्ह्याच्या प्राधिकरणाच्या खुर्चीवर बसवले प्रादेशिक आयुक्त. ते सरकारी अधिकारी, आणि त्यांच्याकडं उत्तर कन्नडपासून विजयपूरपर्यंतचा सगळा बेळगाव विभाग. तिकडं महाराष्ट्रानंही 2014 ला कायदा केला, राज्याचं एक आणि विभागवार प्राधिकरणं. म्हणजे कोल्हापूरच्या माझ्या नणंदेला पुण्याकडं बघावं लागणार. आमचं निदान शहरात तरी आहे, एवढं मोठेपण मी तिला फोनवर सांगितलंच.

पण माझ्या कामाचं ते नव्हे. कोर्टानं या प्राधिकरणाची कामं सांगितलीत ती अशी: कोठडीत मृत्यू, गंभीर मारहाण, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणं, अधिकाराचा मोठा गैरवापर. असं काही कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि आलं तर दार असावं. पण "नाळे बर्री"साठी कुठलं दार? त्याला ना प्राधिकरण, ना समिती. शंभरातल्या नव्वद लोकांना पोलीस ठाण्यात भेटतं ते हेच एक वाक्य, आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

मोठ्या गोष्टीत मात्र वरनं लक्ष जातं, हे आपण बघितलंय. डिसेंबर 2023 ला बेळगावजवळच्या वंटमुरी गावात जमावानं एका आईचे जे हाल केले ते इथं लिहवत नाही. उच्च न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी स्वतःहून ते प्रकरण हातात घेतलं. मुख्य न्यायमूर्ती होते वराळेसाहेब, निपाणीत जन्मलेले. बघत उभ्या राहिलेल्या गावालाही कोर्टानं सोडलं नाही. तेव्हा माझ्या गिरणीत चार दिवस दुसरा विषय नव्हता.

आणि तो कॅमेरा. 2 डिसेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं परमवीर सिंह सैनी खटल्यात सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासकट रेकॉर्ड करणारे कॅमेरे हवेत, चित्रण अठरा महिने ठेवावं, निदान वर्षभर तरी. आणि त्यावर लक्ष ठेवायला जिल्ह्याची समिती. त्या समितीत महापौर! हे वाचून मी उडालेच. आमच्या महापालिकेचे 58 वॉर्ड, गटारी आणि पथदिव्यांसाठी नगरसेवकांच्या दारात रांग, पण ठाण्यातल्या कॅमेऱ्याबद्दल कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. एक नगरसेवक बाजरी घेऊन आले होते, त्यांना सांगितलं. म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई बघा." बाजरी घेऊन गेले.

माझ्याकडं शहरातली चोरी कशी बदलली ते कळतं, कारण दळप होईस्तोवर बायका बोलतात. आधी गळ्यातलं ओढलं, गाडी नेली, एवढंच ऐकू यायचं. हिसकावण्याचा आता भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हाच केलाय, कलम 304. मोबाईल गेला तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर नोंदवून बंद करता येतो, देशभर 2023 पासून. शहापूरच्या एका वहिनींचा पाच महिन्यांनी परतही आला, कव्हरसकट. पण आता जास्त ऐकते ते फोनवरचंच. वीजबिल, पार्सल, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय". माझं झाल्यापासून मी कांडपाच्या मागच्या भिंतीवर खडूनं रेघा ओढायला लागले. फसलेली प्रत्येक बाई म्हणजे एक रेघ, पोलिसांत लिहून झालं असेल तर रेघेवर आडवी काट. परवा मोजल्या. अकरा रेघा, काट दोनच, त्यातली एक माझी. उरलेल्या नऊजणींत चार जणी लाजेनं गेल्याच नाहीत, पाच जणी गेल्या आणि उद्या या ऐकून परत आल्या. उद्या कुणी साहेब वर्षाचे आकडे वाचून दाखवतील, तेव्हा त्यात आमच्या भिंतीवरचे दोनच असतील. मग गुन्हे घटले म्हणायचं का?

पैशाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अडकवलेले 8,500 कोर्टात अर्ज करून चैत्रात परत मिळाले. 9,900 गेले ते गेलेच. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवायचं असतं. मी कालनिर्णयवर नव्वदावा दिवस गोल करून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी मीच फोन केला, दुपारी व्हॉट्सॲपवर दोन ओळी आल्या. फोन केला नसता तर आल्या असत्या का, माझ्याकडं उत्तर नाही. अर्धा स्टार.

एकूण पाचपैकी तीन. जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी 1930, मग ठाणं, आणि ठाण्यात तोंडी काही बोलू नका. कागद न्या, दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय बाकडं सोडू नका. मी सोडलं, ती माझी चूक. जेवणाचा डबाही न्या.

गिरणीची पाटी रंगवायला झाली होती, म्हणून पेंटरला सांगून नावाखाली लाल अक्षरांत 1930 मोठ्ठं लिहून घेतलं. लोकांना पाठ होऊ दे म्हटलं. त्यानं "हेल्पलाईन" हा शब्द जागा पुरली नाही म्हणून गाळला. आता नवीन गिऱ्हाईक डबा ठेवता ठेवता वर बघतं आणि विचारतं, "गिरण 1930 पासनंची काय वो?"